शंभर वेळा तोच आकडा

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षी मी सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावातून, घरूनच काम करायचे. विजेच्या दोन ठोक्यांमधला अतिसूक्ष्म वेळ मोजून त्याचा आकडा देणारं सर्किट मी रचलं होतं. ते अजून फक्त कॉम्प्युटरवरच होतं. एकच वेळ त्याला शंभरदा मोजायला लावायचा आणि आकडे किती विखुरतात ते पाहायचं. जितके कमी विखुरतील तितकं सर्किट नेमकं. सोमवारी नागपूरला सरांना निकाल दाखवायचा होता. तो पटला तर पदवी आणि बंगळुरूची नोकरी, नाहीतर आणखी सहा महिने.

शनिवारी दुपारी शंभरच्या शंभर आकडे सारखे आले! मला आकाश ठेंगणं झालं. बाबा ओसरीवर कुऱ्हाडीला धार लावत होते. त्यांना ओढत आणून स्क्रीन दाखवली. जन्मभर वनमजुरी केलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही. दोन मिनिटं पाहून म्हणाले, "तू मोजूनच नाही राहिली, बाई."

माझं डोकं फिरलं. "काऊन? तुम्हाले काय समजते यातलं?"

मग त्यांनी मान खाली घालून सांगितलं. ते नोकरीला नवे असताना साहेबांनी सागाच्या झाडांची गोलाई टेपनं दोनदा मोजायला लावली होती. ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या खेपेचे आकडे बाबांनी मोहाच्या झाडाखाली बसून पहिल्यावरूनच उतरवले.

"साहेबानं वही पाह्यली अन् हासला. खरंच मोजलं तं टेप कुठं खाली लागते, कुठं वर. बोटभर फरक पडतेच."

मी तणतणत जाऊन तपासलं. खऱ्या सर्किटमध्ये प्रवाहाची बारीक थरथर असतेच, कॉम्प्युटरवर ती मुद्दाम चालू करावी लागते. मी केलीच नव्हती. केली, तर आकडे असे विखुरले की मी सरांना कबूल केलेली मर्यादा कुठल्या कुठे राहिली.

पहिला निकाल कदाचित खपूनही गेला असता. तसा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सोमवारी मी दुसराच दाखवला, आणि सरांनी सर्किट नव्याने रचायला सांगितलं.

संध्याकाळी कोहमाऱ्याला बसमधून उतरले, तर बाबा मोटरसायकल घेऊन उभे. "अजून सहा महिने," मी एवढंच म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्यांनी माझी बॅग पुढे टाकीवर ठेवली. बरंच अंतर गेल्यावर वाऱ्यात ओरडले, "मंग दिवाळीले अन् मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले घरीच राहशील ना तू?"

आवाजातला आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मी पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच डोकं टेकलं.