स्लॅबखालचे ठोके

मी लष्करात सॅपर. जमिनीत पुरलेले माइन, म्हणजे सुरुंग, शोधणं हे आमचं काम. हातात प्रॉडर, म्हणजे लांब टोकदार सळई. ती तिरकी खुपसायची आणि ऐकायचं. दगडाला लागली की कट्ट वाजते, मुळाला लागली की मुकी होते, प्लास्टिकच्या माइनवर पोकळ टप येतो. लान्स नायक सावंतचा कान माझ्यापेक्षा तिखट. मी नायक, तो माझ्या हाताखाली, पण माइनफील्डमध्ये शब्द त्याचा चालायचा.

एकदा आम्ही दोघे एकाच वेळी लीव्हवर आलो. तो विक्रोळीचा, मी घाटकोपरचा. दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला होता. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या इमारतीची अर्धी बाजू कोसळली. भरल्या ताटावरून उठून आम्ही धावलो.

तळमजल्यावरच्या राणे आजी सापडत नव्हत्या. वर एक स्लॅब लोंबकळत होता. तो शेजारच्या घरांवर पडू नये म्हणून पोकलेनने ओढायचं ठरत होतं. आत कोण जिवंत असणार, असं जो तो म्हणत होता. सावंतचं डोकं फिरलं. तो सरळ मशीनसमोर जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो रे! कोण तू?" हेल्मेटवाला साहेब ओरडला.

"सॅपर. पाच मिनिटं मशीन बंद करा साहेब. नाहीतर माझ्या अंगावरनं न्या."

मीही त्याच्या शेजारी उभा राहिलो. साहेबाने हात वर केला आणि मशीन थांबलं.

सावंतने दगडाने ठोकायला सुरुवात केली. विटांनी आवाज गिळला. पत्रा उगाच खणखणला. मग त्याला पाण्याचा लोखंडी पाइप सापडला. तीन ठोके देऊन त्याने कान लावला. काही नाही. परत तीन. या वेळी आतून तीन आले, जड आणि खणखणीत.

"बत्ता आहे हा, पितळी! आजी ओट्याखाली आहे यार!"

त्याने फटीतून हाक मारली. आतून आवाज आला, "जिती आसंय मी! ठोकत काय बसलास, काढ माका भायर!"

रडणारी माणसं हसायला लागली.

हातांनी ढिगारा उपसून एक माणूस जाईल एवढं भोक केलं. मी पुढे झालो.

"नायकसाहेब, तुमचं पोट अडकेल," म्हणत सावंत आत शिरला.

त्याने आजींना चादरीवर घेऊन पुढे ढकललं, आम्ही ओढलं. आजी बाहेर आल्या आणि वरचा स्लॅब खाली आला.

आम्ही पाइपवर ठोकत राहिलो. माझे हात सोलले. आतून उत्तर आलं नाही.

कागदावर लिहिलंय, रजेवर असताना अपघाती मृत्यू. कोणी नशिबाला बोल लावला तर आजही माझं टाळकं सरकतं. सावंत मशीनसमोर उभा राहिला, म्हणून राणे आजी अजून भाजीवाल्याशी भांडतात. कागद काय म्हणायचं ते म्हणो. लान्स नायक सावंत त्या दुपारी ड्युटीवर होता.