बायडाबाईंच्या एकोणीस टिकल्या

बायडाबाई साळवे सलग तीन रविवार चर्चमध्ये आल्या नाहीत, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. माझा स्वभावच तसा. मुलगी शकू कॉलेजातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी मनातल्या मनात तीन हॉस्पिटलं पालथी घालून येते. बायडाबाईंना मी पहिल्या रविवारी बसमधून पाडलं, दुसऱ्या रविवारी त्यांचं ब्लडप्रेशर वाढवलं, आणि तिसऱ्या रविवारी मला कबूल करावं लागलं की त्यांना काहीएक झालेलं नाही. जे झालं ते मी केलं.

बायडाबाई पुण्याबाहेर मांजरी गावात राहतात. नगरकडून लग्न होऊन आल्या आणि उसाच्या शेतात खुरपणीला लागल्या. नवरा सर्जेराव गेल्यावर कंबर धरली, तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांना चर्चच्या झाडलोटीचं काम दिलं. वय सत्तरच्या पुढे. नक्की किती, असं विचारलं तर म्हणतात, "लिवलेलं न्हाई कुटं." शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. पण हातात बायबल नाही आणि बायडाबाई चर्चला आल्यात, असं मी कधी पाहिलं नाही. ते प्लास्टिकच्या पिशवीत असतं, पिशवीवर रुमालाची गाठ. पानांत बसचा पास, रेशनकार्ड आणि सर्जेरावांचा फोटो. "म्हत्त्वाची कागदं एका जागी असावीत," हा त्यांचा हिशेब.

उपासनेत सगळे पुस्तक उघडतात तेव्हा त्याही उघडतात. कोथरूडला राहायला आल्यावर आम्ही या चर्चच्या मंडळीत दाखल झालो, त्या पहिल्याच रविवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. हळूच म्हटलं, "अहो आजी, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "देव वरून बगतो. त्याला सुलटंच दिसतं."

त्या दिवसापासून आमची मैत्री. शकू तेव्हा चार वर्षांची होती. उपासना चालू असताना लहान मुलं आवारात बायडाबाईंच्या हवाली असत. त्या काय शिकवत, हे आम्ही आयांनी कधी विचारलं नाही. मुलं रडत नव्हती, एवढं आम्हाला पुरे होतं.

यंदा जानेवारीत मी महिला मंडळाची चिटणीस झाले आणि 'वाचन वर्ष' जाहीर केलं. प्रत्येकीने स्वतः वाचायचं. बायबलची पुस्तकं सहासष्ट, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यात तितके चौकोन, एक पुस्तक संपलं की आपल्या नावापुढे एक लाल ठिपका. भाषणही ठोकलं. दुसऱ्याने वाचलेलं ऐकून विश्वास ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून बघणं, वगैरे.

मागून आवाज आला, "माजा चष्मा दुसऱ्याचाच हाय बाई. मालकांचा. झ्याक दिसतंय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मुद्दा सोडला नाही. मी इतिहासाची बी.ए. आहे आणि माझ्या आजीची नात आहे. आजीने चाळिसाव्या वर्षी चुलीतल्या कोळशाने फरशीवर अक्षरं गिरवली, ती केवळ हे पुस्तक वाचता यावं म्हणून. ती म्हणायची, "पाळक सांगतो ते खरंच आत लिहिलंय का, हे आपलं आपल्याला बघता आलं पाहिजे." त्या कोळशातून माझी आई शिकली आणि आईमुळे मी. वाचन हा आमच्या घराण्यातला दागिना आहे. तो सगळ्यांनी घालावा असं मला वाटलं, तर माझं काय चुकलं?

ठिपक्यांसाठी मी आणि खजिनदार प्रेमला तुळशीबागेत गेलो आणि टिकल्यांची पाकिटं घेतली. वीस पाकिटं. आमच्या दोघींच्या मोकळ्या कपाळांकडे बघून दुकानदार म्हणाला, "लावणार कुठे एवढ्या?"

"भिंतीला," प्रेमला म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला. "भिंत तक्रार करत नाही."

बायडाबाईंनी तक्ता बघितला आणि कमरेवर हात ठेवले. "आपल्या कपाळाला चालत न्हाई, अन् बायबलाला चालती व्हय टिकली?"

पण सगळ्यात भरभर टिकल्या त्यांच्याच नावापुढे चढायला लागल्या. दर रविवारी येऊन सांगायच्या, "लावा बाई, निर्गम झालं." "लावा, रूथ झालं. ग्वाड हाय पोरगी." वंशावळ्यांवर तर त्या भलत्याच चिडल्या होत्या. "नुसतं ह्याला त्यो झाला, त्याला ह्यो झाला. आया काय पानी भराया गेल्यावत्या?"

एप्रिल आला तेव्हा त्यांच्या एकोणीस टिकल्या झाल्या होत्या. प्रेमलाच्या सात. चिटणीसबाईंच्या, म्हणजे माझ्या, तीन. त्यातली तिसरी लेवीय नावाच्या पुस्तकाची. त्याबद्दल पुढे सांगते.

आता मला सांगा, ज्या बाईला बसवरचा नंबर कंडक्टरला विचारावा लागतो, ती स्तोत्रसंहिता संपवून बसते, तर चिटणीसबाईंनी विचारायचं की नाही? मी विचारलं. तेही सगळ्यांच्या देखत, उपासनेनंतरच्या सभेत. "बायडाबाई, कालच स्तोत्रं झाली ना तुमची? मग मेंढपाळाचं स्तोत्र वाचून दाखवता का?"

त्या उठल्या. गाठ सोडली, पास आणि रेशनकार्ड शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, पुस्तक उघडलं. उलटं. आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "परमेश्वर माझा मेंढपाळ हाय, मला काय ऊन पडनार न्हाई."

"ऊन नाही, बायडाबाई," मी म्हणाले. "उणे. काही उणे पडणार नाही, म्हणजे कमी पडणार नाही."

"ऊनच हाय," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी मेंढरं राखल्यात म्या. चांगला राखनारा ऊन चढायच्या आत सावलीला नेतो. मग ऊन पडंलच कसं?"

सभा खदखदून हसली. मला वाटतं त्या हसण्याने मी चेकाळले. "मग रोज तुम्हाला वाचून दाखवतं कोण?"

"सलीमा. आमच्या आळीतल्या गिरनीवाल्याची."

मग प्रेमला म्हणाली, "अगं बाई! म्हणजे आपल्या मंडळीत सगळ्यात जास्त बायबल वाचलेली बाई मुसलमान निघाली!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मांजरीला मैनुद्दीनची पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी पट्टा थांबला की त्याची बायको सलीमा हात झटकून, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांनिशी, पायरीवर वाचायला बसते. सातवी शिकलेली आहे, वाचायची हौस आहे, आणि घरात वाचायला पिठाच्या पावत्यांशिवाय काही नाही. बायडाबाई समोर बसून तांदूळ निवडतात. "मूसा अन् यूसुफ तिला आधीच ठावं हायत," त्या कौतुकाने सांगत होत्या. "मधीच थांबून म्हनती, आजी, आमच्यात ही गोष्ट जरा येगळी हाय. मग ती तिची सांगती. दोन गोष्टी हुत्यात एका पैशात."

इथे थांबायला हवं होतं. पण नियम मीच केले होते. मी म्हणाले, "नियमाप्रमाणे हे वाचलेलं धरता येणार नाही," आणि भिंतीपाशी जाऊन एकेक टिकली नखाने काढायला लागले. एकोणीस टिकल्या काढायला फार वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाच-सहानंतर हसू थांबलं. नंतर नुसता माझ्या नखाचा आवाज येत होता.

बायडाबाईंनी तळहात पुढे केला. "द्या हिकडं."

"कशाला?"

"सलीमाला देते. तिला बी चालत न्हाईत लावाया, पन तिच्या हायत."

त्या टिकल्या त्यांनी सर्जेरावांच्या फोटोच्या पाठीमागे एकेक करून चिकटवल्या, पिशवीला गाठ मारली आणि गेल्या. त्यानंतर तीन रविवार आवार पाळकसाहेबच झाडतायत.

परवा ते चहाला आले होते. मला वाटलं झाडूचा विषय काढतील. ते म्हणाले, "कुसुमताई, बायबलातली पौलाची पत्रं पहिल्यांदा मंडळ्यांमध्ये पोचली तेव्हा वाचणारा एक असायचा आणि ऐकणारे पन्नास. त्या पन्नासांच्या टिकल्या काढायला कुणाला पाठवू या?"

मी आजीचा कोळसा पुढे केला. म्हटलं, "साहेब, नुसतं ऐकत बसलो असतो तर तुम्ही म्हणाल तेच आम्ही खरं मानलं असतं."

"अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्या घरी चहा प्यायला मी घाबरतो. पण बायडाबाई तरी मी म्हणतो ते कुठे मानतात? उणे म्हणून मी त्यांना दहा वर्षं सांगतोय."

ते गेले, आणि मी पुन्हा माझ्या बाजूचे मुद्दे गोळा करत बसले. चांगले मुद्दे आहेत. अजूनही मला वाटतं की वाचता येणं मोठी गोष्ट आहे, आणि बायडाबाईंना कुणी लहानपणी शाळेत घातलं असतं तर पाळकसाहेबांची धडगत नव्हती.

पण आज रात्री एक झालं. उद्या शकूची तोंडी परीक्षा आहे. लेखी परीक्षेला ती वाघ असते, तोंडीला मात्र पोटात गोळा. जेवली नाही. साडेअकराला गॅलरीत येरझारा घालताना दिसली, म्हणून दूध घेऊन गेले. ती पुटपुटत होती. मला वाटलं रसायनशास्त्र असेल. जवळ गेले तर ऐकू आलं, "मला काही ऊन पडणार नाही, मला काही ऊन पडणार नाही."

मी न राहवून म्हटलं, "अगं, उणे."

"माहितीये गं आई. सातवीत वाचलं तेव्हाच कळलं." तिने दुधावरची साय बोटाने बाजूला केली. "पण उणे म्हटलं की मला वजाबाकी आठवते. ऊन म्हटलं की बायडाआजीचा पदर. आवारात ऊन आलं की आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर धरायची. पोरं सात आणि पदर एक. ती स्वतः उन्हात."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, किती अध्याय झाले."

आणि दूध पिऊन झोपायला गेली. आता बारा वाजून गेलेत, ती घोरतेय, आणि मी टेबलाशी बसून हे लिहितेय. शकूला प्रत्येक वाढदिवसाला मी एक बायबल दिलं आहे. मराठी, इंग्रजी, चामडी बांधणीचं, खिशातलं. पोटात गोळा आल्यावर तिच्या कामी आलं ते उलटं धरलेलं.

आता लेवीय. ती टिकली मी खोटी लावली आहे. अर्पणांच्या नियमांपाशी मला तीनदा झोप लागली, मग मी मधली दहा-बारा पानं सरळ उलटली आणि भिंतीवर टिकली चिकटवली. सलीमाने ती पानं नक्की सोडली नसणार. बायडाबाईंनी सोडूच दिली नसती. कुठल्या जनावराचं काय करायचं, यावर त्यांचं मत असणारच.

बायडाबाईंच्या घरी फोन नाही. गिरणीत आहे, नंबर माझ्याकडच्या चर्चच्या वहीत होता, तो मी मघाशी कागदावर उतरवून घेतला. गिरणी सातला सुरू होते, त्यानंतर कुणाला काही ऐकू येत नाही. म्हणून सकाळी साडेसहाला लावायचा. मैनुद्दीन उचलेल, त्याला वाटेल दळण झालं का विचारतायत. मग सलीमा. मग ती आळीत हाक मारेल, आणि बायडाबाई मुद्दाम सावकाश येतील.

माफी मागितली तर त्या म्हणतील, "कशापायी?" आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावतील. सांगेन. टिकलीचंही सांगेन. आणि विचारेन की शनिवारी संध्याकाळी पट्टा थांबल्यावर मी आले तर चालेल का. लेवीय पुन्हा काढणार असतील तर बरं. तांदूळ निवडायला माझे मी घेऊन येईन.