बाटलीचं बूड

माहा भाऊ सेवकराम दिघोरीच्या शाळेत विज्ञान शिकवे. जन्मात दारूले शिवला नाही. तरी माहं लग्न मोडलं ते दारूच्या बाटलीनंच.

एकोणऐंशी साली त्यानं मासिकात वाचलं, का आभाळात जुळे दिसणारे दोन ठिपके खरं तर एकच आहेत. लई दूरच्या दीर्घिकेचं धगधगतं पोट, क्वासार म्हणे. मधात दुसरी दीर्घिका आली, तिच्या वजनानं उजेड वाकला, अन् एकाचे दोन दिसले. झालं! पोरायले हे दाखवाचं म्हणून हा बाबा दारूच्या दुकानामागून रिकाम्या बाटल्या आणू लागला. बाटलीले घासलेटात भिजवलेला दोरा बांधे, पेटवे, थंड्या पाण्यात बुडवे, का बूड अलग. त्या जाड बुडातून पाहिलं, का एका दिव्याच्या दोन ज्योती दिसत. माय म्हणे, घरात लग्नाची पोरगी आहे, हा पसारा फेक. ऐकन तर तो सेवकराम कसला!

मले पाहाले आले ते लोक माळकरी. पोरगा तलाठी, मले मनातून आवडला होता. चहा झाला. पोराचा बाप गोमाजी घरामागं सांदवाडीत हात धुवाले गेला, अन् बाटल्यायचा ढीग पाहून आला. त्यानं भावाले विचारलं. शाळेसाठी आहेत, एवढंच सांगाचं ना! पण याले आनंदाच्या उकळ्या फुटल्या, कोणीतरी विचारलं म्हणून. दिवा पेटवला, बूड गोमाजीच्या डोळ्यासमोर धरलं.

"पाहा पाहुणे, एकाचे दोन दिसतात का नाही?"

गोमाजीनं टोपी घातली. "एकाचे दोन कवा दिसतात, ते आमाले माहीत आहे, गुरुजी."

उठले अन् गेले. गावभर बोभाटा झाला. मंग मले कारध्याच्या बिजवराले देलं. तो खराखुरा पिणारा, अन् हात उचलणारा.

दादा दर दिवाळीले ये. अठ्ठ्याऐंशीत आला तवा भलता खुशीत होता. आता उजेडाचं पुरं कडंच दिसलं म्हणे. मधातली दीर्घिका दिसो का नाही, उजेड किती वाकला त्यावरून तिचं वजन काढता येते म्हणे. माहा गाल सुजला होता. हा आपला सांगूनच राहिला होता.

"दादा," मी म्हणलं, "मधात कोण आलं, ते मले कायले सांगतेस? माह्या मधात तू आला होतास."

तवा कुठं त्यानं माह्या गालाकडे पाहिलं.