कोपरखैरण्याच्या बारशाला डिजिटल कॅमेरा

कळंबोलीला एसटीतून उतरलो तेव्हा गळ्यात ऑफिसातल्या साहेबांकडून मागून आणलेला डिजिटल कॅमेरा होता आणि चालण्यात उगाच ऐट. माहितीपत्रक साताऱ्यापासून घोकत आलो होतो. तेरा लाख पिक्सेल, तिप्पट झूम, आठ एमबीचं कार्ड, चार पेन्सिल सेल.

कोपरखैरण्यात आत्याच्या नातीचं बारसं होतं. आतेभाऊ बोटीवर नोकरीला. बोट आज दुबईच्या बंदरात, संध्याकाळी सुटली की महिनाभर संपर्क नाही. त्याआधी ईमेलने लेकीचा फोटो त्याला पोचवायचा, एवढंच माझं काम.

पण नाव ठेवेपर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, असं आत्याने बजावलं. "नजर लागती. तवर दुसरं कायबी काढ."

मग काय, मी सुटलोच. सोसायटीतल्या बाया, पाळण्याची फुलं, परातीतल्या घुगऱ्या (उकडलेले हरभरे), सगळं टिपलं. मागच्या पडद्यावर फोटो लगेच दिसतो म्हटल्यावर रांग लागली. शेजारचे काका तर तीनदा आले. "परत दाखवा ना, डोळे मिटले वाटतं माझे." मीही प्रत्येकाला पिक्सेल समजावत होतो.

बाळाच्या कानात 'मृणाल' सांगून झालं आणि कॅमेरा बंद पडला. पडदा आणि फ्लॅश सेल खातात, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होतं. तिथवर मी पोचलोच नव्हतो.

वहिनींचा चेहरा उतरला. "भाऊजी, ते पाच वाजता कॉम्प्युटरसमोर बसणारेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन खालच्या दुकानातून सेल आणले. दुकानदार म्हणाला, "साधे आहेत, घड्याळाला चालतात. कॅमेऱ्याची गॅरंटी नाय."

पडदा बंद केला, फ्लॅश बंद केला. आत्याला बाळ घेऊन गॅलरीत उन्हाशी बसवलं, झूम पुढे नेला आणि बारक्या काचेतून बघत बटण दाबलं. एक फोटो निघाला, कॅमेरा पुन्हा झोपला.

वाशीच्या सायबर कॅफेत आत्याही हट्टाने आली. तिथल्या मुलीने कार्ड मशीनला लावून फोटो उघडला. मृणाल जांभई देत होती. तो पाठवला आणि दोघं उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मी वाचून दाखवलं. "पोरगी झकास. आई, बाळाखाली तुझा हात दिसला. किती वाळलीस गं."

मी फोटो पुन्हा पाहिला. दुपट्याखाली आत्याचा हात होता, शिरा नि हाडं वर आलेला. दिवसभर मी तिच्याजवळच वावरत होतो. मला लाज वाटली.

आत्याने हात पदराखाली घेतला. "त्याला लिही, ह्या नव्या कॅमेऱ्यात समदं बारीक दिसतं."

साताऱ्यापासून घोकलेल्या माहितीपत्रकात असं काही नव्हतं. मी तसंच लिहिलं. रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं, ते जाऊ दिलं आणि आत्याबरोबर कोपरखैरण्याला परत गेलो.