खाऱ्या आडाची शाई

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आन् मी अधांतरी लटकलो. माझं सगळं शिक्षण जुन्या राजवटीत, उर्दूत. आता म्हणे मराठीतून विज्ञान शिकवता येतं का ते बघू, मग नोकरी कायम करू. घ्या! बायकोशी काय मी उर्दूत भांडत होतो?

आमच्या बोरीच्या शाळेत तपासणीला साहेब आले, ते थेट कोकणातले. त्यांनी टेबलावरची दौत उचलली. शाई आमीच करायचो, हिरडा आणि हिराकस घालून.

"गुरुजी, हिराकसामुळे या शाईत लोखंड आहे. नदीच्या पाण्यातही थोडं असतं. समुद्राजवळ खारं पाणी मिसळलं की त्याचं काय होतं, ते मुलांना करून दाखवा. तुमचा शेरा त्यावर."

समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. पण खारं पाणी? ते तर शाळेमागच्या आडात! डाळ शिजंना, साबणाला फेस येईना, त्याला आमच्याकडं खारंच म्हणतात. पळत जाऊन पोहरा ओढला, ग्लास भरला आणि दौत त्यात उपडी केली.

साहेबांनी पोहऱ्यातलं पाणी चाखलं अन् कपाळावर हात मारला. "अहो, यात मीठ कुठंय?"

"मीठ कशाला, साहेब? खारंच हाय की!"

पोरं फिदीफिदी हसली. गेली नोकरी! साहेब जेवायला गेले. लय झणझणीत ठेचा होता, नाक पुसत तासभर जेवले.

साहेब परत आले, बघतो तर ग्लासात वर नितळ पाणी, तळाशी काळा गाळ. साहेबांनी ग्लास उजेडाला धरला. "मीठ नाही, पण तुमच्या आडात क्षार भरपूर आहेत. त्यांनीच लोखंड खाली बसवलं. नदीतलं लोखंड आमच्या खाडीतही असंच बसतं, पुढं समुद्रात फार थोडं जातं."

मग शेरा लिहायला त्यांनी ग्लासातच टाक बुडवला. कागदावर नुसतं पाणी! शाळेत दुसरी शाई थेंबभर नव्हती, आणि त्यांची गाडी सुटायची वेळ झालेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, तळाला बुडवा!" मी ओरडलोच.

ते खळखळून हसले. टाक गाळात घोळवला आणि लिहिलं, 'कायम करावे.'

घरी तो कागद दाखवताना मला रडूच कोसळलं. बायकोनं अक्षरावरून बोट फिरवलं. गाळ अजून हाताला लागत होता.

"एवढं जाड लिव्हलंय," ती म्हणाली, "आता कोन खोडतंय?"