सुतळीच्या मापाची टॉप लिंक

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही, माफ करा. पण शनिवार पेठेतले ते स्पेअरपार्टवाले डोक्यातून जात नाहीत.

आमच्या छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक टॉप लिंक हवी होती. नांगर ट्रॅक्टरला वरून जोडणारा हा दांडा बसल्या जागेवरून लांब-आखूड होतो. जुन्याचा स्क्रू फिरवायला वडील दुखऱ्या गुडघ्यांनी सारखे उतरत. मी कर्वेनगरला कॉम्प्युटर शिकतो, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. मापाला वडिलांनी गावाहून सुतळी पाठवली.

"ओढून मोजली की सैल?" स्पेअरपार्टवाल्या काकांनी विचारलं.

"माहीत नाही, काका."

"मग सुतळीलाच विचारू?"

त्यांनी मला फुटपाथवर ट्रॅक्टर म्हणून उभं केलं. मधे सुतळी ताणून स्वतः नांगर होऊन मागे ओणवे झाले. गिऱ्हाइकं बघत राहिली.

"अहो, ट्रॅक्टर हसत नसतो! चला पुढे."

शेवटी त्यांनी एक लिंक हातात ठेवली.

"नाही बसली तर?"

"नांगर बदला."

सुट्टीवरून परतल्यावर मी त्यांना बातमी दिली. "काका, लिंक बसली. पण वडील आता उतरतच नाहीत. जेवणही ट्रॅक्टरवरच मागवतात."

त्यांनी चष्मा पुसला. "उतरवायचा पार्ट आम्ही ठेवत नाही."