शिशाचा डाग

सत्तरच्या दशकात मी रामदासपेठेतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. पाण्यात एक द्रव्य टाकून ते काळ्या पडद्याआड जांभळ्या दिव्याखाली धरायचं. पाणी चांगलं असलं तर हिरवं चमकायचं. शिशासारखा धातू असला तर चमक विझायची.

एकदा खेड्यावरून एक म्हातारेबुवा आले. पोट सारखं दुखतं म्हणून विहिरीचं पाणी आणलं होतं, तेही घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी लोट्यात, वर स्वच्छ फडकं बांधून. पाणी दिव्याखाली काळंच राहिलं. लोट्याच्या बुडाला शिशाचा करडा डाग दिसला, म्हणून मला लोट्याचीच शंका आली. थेट विहिरीतून पाणी भरून आणायला मी काचेची बाटली देऊन त्यांना परत पाठवलं.

पुढच्या खेपेला बाटली आली, आणि प्यायच्या पाण्याचा लोटाही बरोबर होताच. मी त्यांनाच पडद्याआड बोलावलं. बाटलीतलं पाणी लखलखलं.

"बाबा, विहीर चांगली आहे," मी आनंदानं म्हणाले. "लोट्याच्या बुडाला शिसं लावलंय ना, ते पाण्यात उतरतं. यातून पिऊ नका."

ते बुडाचा डाग अंगठ्यानं चोळत राहिले.

"आमच्या बुढीचा लोटा आहे, लग्नात आणलेला. ती गेली अन् हा गळाले लागला. मीच भोक बुजवून घेतलं." मग म्हणाले, "विहीर खराब निघाली असती त बरं झालं असतं, बाई. विहीर दुसरी खोदता येते."

बाटली टेबलावरच राहिली. ते लोटा कडेवर घेऊन जिना उतरले.